एकोडीच्या तलावातले झिंगे

कलकत्ता, ४ जून १९८४

ईश्वरभाऊ, इथूनच पाया पडतो.

मी बरा आहो. मायचे गुडघे कसे आहेत?

सोयरीक जुळवाच्या आधी आपण कूळ विचारतो, तसंच मी इथं प्रयोगशाळेत झिंग्यांचं पाहून राहिलो. ताज्या मांसाचा रस तपासला की आपल्या तलावातला झिंगा अन् वैनगंगेतला झिंगा जवळचे का दूरचे, ते समजते. म्हणूनच बर्फात घालून पाठवा म्हटलं होतं. मायनं मीठ लावून वाळवून पाठवले. एवढ्या दूर नासतील, मंग पोरगा खाईल काय, असंच तिले वाटलं असन. वाळलेल्या झिंग्यातून काहीच समजत नाही.

अन् तू लिहिलं, पाळ दुरुस्त कराले तलाव पुरा रिकामा केला. एखाद्या डबक्यात जिता झिंगा असन तर पाहजो भाऊ. नसन, मले माहीत आहे.

माहे इथले सर म्हणाले, हे वाळलेले झिंगे फेकून दे. माह्याच्यानं फेकवलं नाही. रांधून खाल्ले.

आता इथून पुढचं मायले वाचून दाखवजो.

माय, तुहे झिंगे लय कामी आले. मीठ बरोबर पडलं होतं.

तुहा,
चंद्रभान