झिलेची जागा

मनीषनगर, नागपूर
१२ जून २०२४

ती. रुपराव मामांस,
रितिकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर तुम्ही ऐकू येत नाही म्हणता आणि मेसेज उघडत नाही. आईचं म्हणणं आहे की ऐकू सगळं येतं. जन्मभर पोस्टमन म्हणून पारशिवनीभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता आपल्या नावाचं टपाल यावं अशी तुमची हौस आहे. हौस तर हौस. त्या निमित्ताने मलाही हाताने लिहायची सवय होईल.

माझ्या पीएच.डी.चं तुम्ही विचारलं होतं. संगीतशास्त्राच्या पीएच.डी.त गाऊन दाखवायचं नसतं, हे आधी सांगते, कारण तुम्ही सगळ्यांना मी गाण्याची डॉक्टर होणार असं सांगत फिरता. एम. ए. ला पंचावन्न टक्के लागतात, ते आहेत. प्रवेश परीक्षा झाली. आता संशोधनाचा आराखडा लिहून समितीपुढे मांडायचा. समितीने होकार दिला तर नोंदणी होते, मग अभ्यासवर्ग, आणि पुढे निदान तीन वर्षं काम. माझ्या मार्गदर्शक अंजू मॅडम निवृत्तीला आल्या आहेत आणि त्यांच्याकडे ही शेवटची जागा आहे. आराखडा सप्टेंबरात नाकारला गेला तर जागाही गेली. लोकसंगीतावर काम करणारं दुसरं कोणी मला इथे मिळालेलं नाही.

विषय आपल्याकडच्या खंजिरी भजनांचा घेतला आहे. बाबनराव आजोबांनी बांधलेली जोडीची भजनं हवीत, प्रत्यक्ष म्हटलेली, रेकॉर्ड केलेली. नातेवाइकांनी म्हटलेली चालतात, नातं कळवलं की झालं. मात्र संशोधकाने स्वतः त्यात गायचं नाही, त्या भजनी मंडळाचं सभासद व्हायचं नाही. मॅडमनी बजावलं आहे की तटस्थ राहायचं; उद्या मीच टाळ घेऊन बसले तर विषय सोडावा लागेल. मला हसू आलं. मला टाळ धरताही येत नाही.

आईला या भजनांबद्दल विचारलं तर ती तुमचं नाव सांगून भाजी आणायला निघून गेली. तेव्हा सगळी भिस्त तुमच्यावर.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो या कामापुरता थोडा वाढवावा.

तुमची,
रितिका


पारशिवनी
२४ जून २०२४

चि. रितिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नवा पोस्टमन ते फाटकात खोचून जात होता. मी त्याला थांबवून हातात घेतलं. टपाल हातात द्यायचं असतं हे याला कोणी शिकवलेलं दिसत नाही.

टक्के, परीक्षा, आराखडा, समिती हे सारं वाचलं. आमच्या वेळी भजनाला एकच अट होती, घसा. तोही नसला तरी कवडूला ढोलकीवर घेतलंच की. त्याला मी तुझी अट सांगितली. त्याने विचारलं की पोरगी भजनावर लिहून राहिली अन् भजन म्हणणार नाही, असं काहून? तूच कधी आलीस तर त्याला सांग.

सूनबाईने, म्हणजे सोनिकाने, सगळी भजनं मोबाइलवर घेतली. कार्ड या पाकिटात आहे. मी एकट्याने म्हटली आहेत, खंजिरीवर. गोठ्यात बसून घेतली, घरात टीव्ही असतो. मधे गाय हंबरली आहे, ती माफ करावी.

तुझ्या आईला मुद्दाम ऐकवू नकोस. तिला कामं असतात.

इकडे पाऊस जेमतेम आहे, धानाची रोवणी खोळंबली आहे. तब्येत बरी. ममता अशीच असू दे.

तुझा मामा,
रुपराव


मनीषनगर, नागपूर
२० जुलै २०२४

ती. रुपराव मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. तुमचा आवाज मॅडमना फार आवडला, गायीचाही. पण एक अडचण आली आहे आणि ती मला नीट समजत नाही.

प्रत्येक ओळीनंतर तुम्ही थांबला होता. खंजिरी चालू, पण शब्द नाहीत. मला वाटलं तुम्हाला दम लागतो. समितीपुढे तसं बरं दिसणार नाही म्हणून मी संगणकावर त्या सगळ्या रिकाम्या जागा कापल्या आणि ओळी जोडून घेतल्या. चांगले चार दिवस लागले. मला वाटतं काम सफाईदार झालं होतं.

मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या की एकही ओळ पुरी होत नाही. पाणी खोल गेलं गा देवा, चाक करकरे गा देवा, आणि पुढे काय? देवाला हाक मारली पण मागितलं काहीच नाही. ठेकाही मधेच तुटतो. त्यांनी स्पष्टच सांगितलं की अर्धवट गाण्यांवर आराखडा उभा राहत नाही. पूर्ण भजनं मिळाली नाहीत तर समिती नाकारेल आणि त्यांनाही माझी बाजू घेता येणार नाही.

मामा, तुम्ही शब्द विसरला आहात का? विसरला असाल तर तसं लिहा, मला राग येणार नाही. दम्यासाठी इथल्या डॉक्टरांना दाखवायचं असेल तर या. खोली रिकामी आहे.

काळजीत आहे. तशातही तुमच्या लोभावर हक्क सांगते.

रितिका


पारशिवनी
२९ जुलै २०२४

चि. रितिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मला दमा नाही. शब्दही विसरलो नाही. तू ज्या जागा कापल्यास, त्या तुझ्या आईच्या आहेत.

जोडीच्या भजनात ओळ दोघांची असते. अर्धी आघाडीवाला म्हणतो, उरलेली झीलवाला उचलतो. आघाडीने झिलेचं म्हणायचं नाही, ही बाबांची शिस्त होती. त्यांच्यामागे आघाडी माझ्याकडे आली. झील कुसुमची होती, ती परकर नेसत होती तेव्हापासून. मी हाक मारायची आणि तिने मागायचं, असं ते होतं.

तिचं लग्न झालं, ती आधी खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत गेली, शाळेत नोकरीला लागली. जाताना झिलेचे टाळ घेऊन गेली. आमच्या मंडळात टाळ ज्याच्याकडे, झील त्याची. त्याने आपल्या मनाने, सगळ्यांसमोर, दुसऱ्यापुढे धरले तर ती पुढे जाते. मागायचे नसतात. आणि सासरी गेलेल्या बहिणीकडे टाळ परत मागणं म्हणजे तुझं इथलं ताट उचललं असं सांगणं. ते माझ्याच्याने झालं नसतं.

मग देवळात ही भजनं बंद पडली. मंडळ दुसरी म्हणतं, त्यांना झील लागत नाही. मी मात्र गोठ्यात म्हणत असतो. तिच्या जागेला थांबलो नाही तर मला पुढची ओळ येत नाही. कवडू एकदा म्हणाला की भाऊ, काहून थांबता, कोणी येऊन राहिलं का?

तुझ्या समितीला अर्धी भजनं चालत नसतील तर माझ्याकडे तेवढीच आहेत. वाईट वाटतं, पण खोटं कसं म्हणू? आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटेल भाऊ मागून राहिला.

आशीर्वाद आहेच.

रुपराव


मनीषनगर, नागपूर
११ ऑगस्ट २०२४

ती. भाऊंस,
कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. रितिकाने तुमचं ऐकलं, मला सांगितलं काहीच नाही. फक्त तुमचं मूळ रेकॉर्डिंग, न कापलेलं, स्वयंपाकघरात लावून ठेवलं. मी गवारीच्या शेंगा मोडत होते. तुमची ओळ थांबली आणि माझी तोंडून निघून गेली, दोर पुरा कर. शेंगा मोडणं चालूच होतं. दोन भजनं तशी झाली तेव्हा मान वर केली, तर रितिका दारात उभी. मग मला रडू आलं, ते शेंगा संपेपर्यंत थांबलं नाही.

टाळ माझ्याकडेच आहेत. दर दसऱ्याला घासून पूजेत मांडते. मी समजत होते तुम्ही नवे आणून झील केव्हाच दुसऱ्याला दिली असेल. मनात राग होता की मला कोणी साधं विचारलंही नाही. आणि आपणहून नेऊन द्यावे तर मला माहेराशी काही ठेवायचं नाही असं तुम्हाला वाटेल. वर्षानुवर्षं दिवाळीला येत राहिले, तुमच्याकडे जेवले, पावसापाण्याचं बोलले आणि परत आले. दोघंही शहाणे, भाऊ.

येत्या रविवारी मी आणि रितिका येतो. कवडूला सांगून ठेवा. माझ्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आवाज वर जात नाही, तुम्हाला पट्टी खाली घ्यावी लागेल. हे एकदाच होईल, नंतर मला झेपणार नाही. टाळ पुढे द्यायचे आहेत. कुणाला, ते मनाशी ठरवून ठेवलं आहे.

वहिनींना सांगा, पुरण घालू नका, घसा धरतो.

तुमची बहीण,
कुसुम


मनीषनगर, नागपूर
३० सप्टेंबर २०२४

ती. रुपराव मामांस,
शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी समितीपुढे आराखडा मांडला. मंजूर झाला. नोंदणी होईल. अंजू मॅडमनी पेढे मागवले.

त्या रविवारचं रेकॉर्डिंग समितीने पूर्ण ऐकलं. दोन आवाजांत ओळ कशी वाटली जाते ते मी समजावलं. कापलेलं आणि न कापलेलं, दोन्ही ऐकवलं आणि माझी चूकही सांगितली. एका सदस्यांनी विचारलं की तुम्ही या मंडळात गाता का? मी नाही म्हणाले. ते खरं होतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला काही लिहिलं नाही, ते आज लिहिते. शेवटचं भजन झालं, आई उठली आणि सगळ्यांसमोर टाळ माझ्यापुढे धरले. मी रेकॉर्डर धरून बसले होते. मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा मी हात मागे घेतले. घेतले असते तर त्याच क्षणी आराखडा संपला असता. आईने ते आजोबांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला अडकवले. तुम्ही खंजिरीकडे बघत होता. कवडूमामांनी चहा आणायला सांगितलं.

परत येताना खापरखेड्याची धुराडी दिसली. आई म्हणाली, काच वर कर, धूळ येते. तिला नियम मी आधी सांगितला होता. ती म्हणते की सांगितला होता, पण टाळ हातात आले की नियम आठवत नाही. ती रागावलेली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मामा, मला ते टाळ हवे होते. हे त्या खोलीत सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. पण मला हे कामही हवं आहे. ते झालं नाही तर या भजनांचं नाव घेणारं कोणी उरणार नाही. यात तीन वर्षं जातील, कदाचित सहा. तेवढं थांबा म्हणायला मला तोंड नाही. सोनिका वहिनी शिकत असतील तर आईला सांगून त्यांना द्यावेत. मी मनाला लावून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण बोलणार नाही.

तुमचा लोभ कमी झाला असेल तर तसं कळवावं.

रितिका


पारशिवनी
८ ऑक्टोबर २०२४

चि. रितिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंजुरीची बातमी मी पोस्टात जाऊन सांगितली. नव्या पोस्टमनने तुझं पत्र या वेळी हातात दिलं.

सोनिकाला विचारलं. ती म्हणते की मले नाही जमत मामंजी, अन् ज्याच्यापुढे धरले त्याचेच ते. बरोबर बोलली. पुढे धरलेले टाळ कोणी घेतले नाहीत असं आमच्याकडे याआधी झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा नियमही नव्हता. म्हणून आम्हीही समिती बसवली. मी आणि कवडू. कवडूने शंका काढली की तोवर आपण राहू का. त्याला म्हटलं, ते आपल्या कक्षेत येत नाही. ठराव पास झाला की टाळ खिळ्याला राहतील, दसऱ्याला घासले जातील, आणि तू पदवी घेऊन आलीस की हाताने काढून घेशील. तोवर तू तटस्थ राहा. ढिलाई केलीस तर मीच तुझ्या मॅडमना कळवीन.

कुसुम आता महिन्यातून एकदा येते म्हणते. म्हणणार नाही, नुसती बसणार आहे.

माझी काळजी करू नकोस. तीन वर्षं लागोत नाहीतर सहा. जागा सोडून म्हणायची मला सवय आहे.

तुझा मामा,
रुपराव