सहभागी अकराची उरलेली मिनिटं

प्रिय बाईसाहेब,

प्राध्यापक झालीस तेव्हापासून मी तुला हीच हाक मारते आणि तू दरवेळी चिडतेस. आज चिडायला खरंच कारण आहे. तुझ्या कामात मी एक नियम मोडलाय, आणि तो कळल्यावर तू मला टायपिंगचं काम देत राहशील की नाही, कोण जाणे. आठवडाभर हे पत्र टाळत होते. पण कॉलेजात तुझ्या वहीतून उतरवलेलंसुद्धा मी तुलाच येऊन सांगायचे, मग हे कसं लपवू?

हे काम हातचं गेलं तर मला फार वाईट वाटेल, हे आधीच सांगते. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा तू विचारलंस, मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं टाइप करून देशील का? मला वाटलं, त्यात काय मोठंसं. आता तुझ्या ओळखीने पाच विभागांचं काम येतं आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. इतिहासवाल्यांना माणसाचं नाव, साल, पत्ता सगळं हवं. तुम्हा समाजशास्त्रवाल्यांना नेमकं तेच पुसून हवं, माणसाचा नुसता आकडा करायचा. भाषावाल्यांना खोकला, आवंढा, हसताना अडकलेला श्वाससुद्धा लागतो. नर्सिंगच्या बाई स्वभावाने गोड, पण एक ‘म्हणजे’ गाळला तरी फाईल परत. आणि व्यवस्थापनवाले म्हणतात, थोडक्यात द्या. थोडक्यातच हवं होतं तर त्या माणसाला तासभर बोलतं कशाला केलं, हे त्यांना विचारायची माझी हिंमत नाही, म्हणून तुला विचारते.

तर गोष्ट अशी. निवृत्त पुरुषांवरच्या तुझ्या अभ्यासाच्या मुलाखती तुझी सहायक घेते, तू फक्त टाइप केलेली पानं वाचतेस, त्यामुळे तुला कळायचा प्रश्नच नव्हता. गेल्या मंगळवारी दुपारी सहभागी अकराची फाईल लावली आणि पहिल्याच वाक्याला आवाज ओळखला. आमचे हे! मुलाखतीसाठी माणसं हवीत ही वाचनालयातली तुमची सूचना वाचून गेले असणार. मला सांगून गेले होते, चष्म्याची काडी बसवून आणतो. तू माझ्याकडून सही करून घेतलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलंय की आवाज ओळखीचा निघाला तर तिथेच थांबायचं आणि तुला कळवायचं. मी थांबले नाही. तेवीस मिनिटं ऐकत राहिले आणि इमानेइतबारे टाइपही करत राहिले.

तू त्यांना ओळखतेसच. चौतीस वर्षं छापखान्यात मशीनच्या वर आवाज चढवून बोलणारा माणूस, घरी आला की तोंडात मिठाची गुळणी. मला वाटायचं, यांना बोलायला आवडतच नाही. आणि तिथे ते सांगत होते की बोटांवरची शाई गेल्यापासून हात आपले वाटत नाहीत. रोज सकाळी तयार होऊन जिन्यापर्यंत जातात आणि परत फिरतात. घरी हे कुणाशी बोलता का, असं तुझ्या सहायकेने विचारलं. तर म्हणाले, बायको आहे, पण ती कानाला हेडफोन लावून लोकांचं ऐकत असते, फार मन लावून करते ते काम, तिला मधेच कशाला उठवायचं. तक्रारीचा सूर नव्हता गं, कौतुकच होतं. म्हणून जास्त लागलं. मी पदराने डोळे पुसले आणि ते वाक्यही जसंच्या तसं टाइप केलं.

तुझी ती सहायक पोरगी हुशार आहे. प्रश्न विचारते आणि गप्प बसते. मी प्रश्न विचारते आणि उत्तरही मीच देऊन टाकते: बरं वाटतंय ना, वाटतच असेल. एकोणचाळीस वर्षं हाच कारभार. त्या दिवशी फाईल बंद केली आणि बाल्कनीत गेले. हे कुंडीतली माती उकरत बसले होते. शेजारी बसून विचारलं, निवृत्तीनंतरचा पहिला दिवस कसा गेला होता हो? आणि जीभ दाताखाली धरली. टाइप करताना थांबे टिपायच्या सवयीने मनात सेकंद मोजत होते. एकोणीस झाले. मग म्हणाले, त्या दिवशी तू सवयीने डबा भरून हातात दिलास. तुला ओशाळं वाटू नये म्हणून मी तो घेऊन निघालो, बागेत बसून खाल्ला आणि साडेपाचला घरी आलो. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आम्ही हसून हसून बेजार झालो. मग मीही सांगून टाकलं की अकरा नंबरची टायपिस्ट कोण आहे. तर म्हणाले, म्हणजे शुद्धलेखनाची काळजी मिटली.

आता पत्राचं खरं कारण. टाइप झालेली पानं सोबत ठेवली आहेत. ती अभ्यासात घ्यायला यांची हरकत नाही, पण तू स्वतः एकदा विचारून घे आणि मला काय शिक्षा करायची ती कर. फाईलमध्ये अजून एकतीस मिनिटं उरली आहेत. ती दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घे. मी ती ऐकलेली नाहीत आणि ऐकणारही नाही. हे रोज चार वाजता बाल्कनीत खुर्च्या मांडतात आणि मला हाक मारतात. उरलेलं मला त्यांच्या तोंडूनच ऐकायचं आहे.

तुझीच,
बाकावरची शेजारीण