स्टॉपर डावीकडे वळला

आबा,

तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणारी माणसं कशाला लिहितील? पण गेल्या आठवड्यात माझ्या उजव्या कानात दडा बसला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, थेंब घाला, जाईल. तीन दिवसांत गेला. पण त्या तीन दिवसांत ऑफिसमध्ये माझ्या उजव्या हाताला माणसं एकदम उगवायला लागली. पावलं नाहीत, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, मान वळवावी तर शेजारी कुणीतरी उभं, माझ्याकडे बघतंय, बहुतेक मगापासून बोलतंय. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फाइल मिटली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. बायकांना वाटलं, कान दुखतोय.

आपण नेरूळला राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट होते आणि बिऱ्हाडं चार. आठवतंय तुम्हाला? जिन्यात कुणी खोकलं की खोकला सगळ्या रिकाम्या खोल्यांतून फिरून परत यायचा. आई त्या वर्षी आजीच्या आजारपणासाठी कोल्हापुरात अडकलेली, त्यामुळे घर माझ्या हातात. रविवारी जेवणं झाली की आपल्याकडे तुमची फुटबॉलची बैठक भरायची. बैठक कसली, तीन माणसं. तुम्ही, हार्डवेअरच्या दुकानाचे चाचा, आणि पहिल्या मजल्यावरचा तो. चाचा उरणकडचे, बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. तो बँकेत नोकरीला आणि बँकेच्याच टीमकडून डाव्या कडेनं, लेफ्ट आउट खेळायचा. मी स्वयंपाकघरात चहा टाकायची आणि दाराच्या फटीतून ऐकायची. चाचा हसले की क्षणभरानं वरच्या मजल्यावर कुणीतरी हसायचं. वर कुणी राहत नव्हतं. पहिले काही महिने मी दर वेळी छताकडे बघायची, मग सवय झाली.

विषय कायम एकच, ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या कंपनीच्या टीमला हरवायचं कसं? पांढऱ्या जर्सीवाले, पगारी खेळाडू, दोन सीझन एकही मॅच न हरलेले. ते जिंकायचे त्यात दंगा नसायचा. समोरच्याला दमू द्यायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांत एक गोल टाकून घरी जायचे. चाचा म्हणायचे, "एकच औषध हाय. मदी पाच मानसं टाका. बॉलला श्वास घेऊ द्यायचा नाय."

"पाच मधे टाकली तर पुढे गोल कोण मारणार चाचा, तुमी?" तो विचारायचा.

"मारीन की! लुंगी वर करून मारीन!"

तुम्ही तेवढं हसून घ्यायचात आणि गुडघा चोळत म्हणायचात, "ते सगळं राहू द्या. आधी तो स्टॉपर हलवा की. तो उभा आहे तोवर बाकीचं फुकट आहे."

स्टॉपर म्हणजे गोलपुढे उभा राहणारा बचावपटू, त्यांचा कॅप्टन. पस्तिशीचा, उंच, कानशिलावर केस पिकलेले. तो कधी धावताना दिसायचा नाही, पण बॉल जिथे येणार तिथे आधीच उभा असायचा. तुम्ही कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून खेळलेले, गुडघा जायच्या आधी स्वतः स्टॉपरच. तुम्ही त्याचं नाव काढताना आवाज खाली आणायचात. ऑफिसातून आणलेल्या ट्रेसिंग पेपरवर तुम्ही मैदान आखायचात, त्यावर बावीस ठिपके, आणि एवढा चांगला ड्राफ्ट्समन तासभर डोकं खाजवून शेवटी पेन्सिल खाली ठेवायचा.

मग त्यांच्या मैदानाचं काम निघालं आणि ती टीम पंधरा दिवस आपल्या शाळेमागच्या मैदानावर प्रॅक्टिसला यायला लागली. तुम्ही रोज सकाळी ऑफिसच्या आधी जायचात, मला घेऊन. त्या दिवशी आपण गोलच्या मागे उभे आहोत. मैदानाच्या उजव्या कडेनं रस्ता, रस्त्यावरून खडीचा ट्रक चाललाय. एकदम त्याचा टायर फुटतो. बाँब पडल्यासारखा आवाज होतो, झाडावरचे सगळे कावळे उठतात. मैदानावरची सगळी माणसं दचकून उजवीकडे वळतात. आणि आपल्याकडे पाठ करून उभे असलेले त्यांचे कॅप्टन, एकटेच, डावीकडे वळतात. डावीकडे मोकळं खाजण आणि गवत. त्या मोकळ्या गवताकडे ते टक लावून बघत उभे आहेत, काहीतरी दिसायची वाट बघितल्यासारखे. मग त्यांनी बाकीच्यांचे चेहरे बघितले आणि हळूच मान फिरवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या आलं. घरी येताना तुम्ही दोनदा मागे वळून मैदानाकडे बघितलंत. मग म्हणालात, "बघितलंस काय? त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही." मला खोटं वाटलं. तुम्ही रस्त्यातच थांबून दाखवलंत. "म्हणून तो नेहमी उजव्या अंगाला खेळतो. सगळी टीम डाव्या कानाला ठेवतो. पण त्याच कडेनं कुणी बॉल घेऊन आलं की त्याला तिकडं तोंड करावं लागणार. मग स्वतःचा गोलकीपर येतो त्याच्या उजव्या कानाला. गोलकीपर 'माझा' म्हणून ओरडला तरी ह्याला पत्ता नाही. दोघंही एकाच बॉलवर जाणार." बोलताना तुमचे डोळे चमकत होते. दोन वर्षं न सुटलेलं गणित सुटलं होतं.

मी म्हटलं, "मग सांगा की रविवारी. चाचा नाचतील."

तुमचा चेहरा एकदम बदलला. "खबरदार कुणाला बोललीस तर. माणसाच्या अंगातलं उणं असं बाजारात मांडतात काय? खेळात हरवायचं असलं तर हरवा. कानात नाही." तुम्ही मला एवढ्या कडक आवाजात त्याआधी कधी बोलला नव्हतात. रविवारी चाचांनी परत पाच माणसं मध्ये टाकली, आणि तुम्ही म्हणालात, "बघू या टाकून." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

आबा, मीच सांगितलं. सहा दिवसही माझ्या पोटात राहिलं नाही. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि पहिल्या मजल्यावरचा तो बूट उन्हात ठेवायला आला. बँकेची फायनल त्या पांढऱ्या जर्सीवाल्यांशीच होती. तो म्हणाला, "तुझे आबा हल्ली गप्प असतात. काहीतरी सापडलंय त्यांना. तू असतेस त्यांच्याबरोबर, तुला काय वाटतं?" तोवर मला खेळातलं काही कळत असेल असं समजून कुणी विचारलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते. तो दोरीच्या पलीकडे उभा होता, ओल्या चादरीतून त्याची नुसती आकृती दिसत होती. मी सगळं सांगितलं, ट्रकपासून गोलकीपरपर्यंत, अगदी तुमच्या शब्दांत. त्यानं बूट खाली ठेवले. मग त्यानं विचारलं, "उजवा ना?" आणि चादरीपलीकडच्या त्या आकृतीनं हात वर करून स्वतःच्या कानाला लावला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

फायनलला तुम्ही, चाचा आणि मी गेलो होतो. पहिला हाफ नेहमीसारखा गेला. दुसऱ्या हाफमध्ये बँकेचा तो सारखा कॅप्टनच्या उजव्या कडेनं यायला लागला. तुम्ही आधी पुढे सरकलात, मग ताठ झालात. मी तुमच्याकडे न बघताही मला ते कळत होतं. चौथ्यांदा आला तेव्हा त्यानं बॉल उंच उचलला, कॅप्टन आणि गोलकीपरच्या बरोबर मध्ये. मला गोलकीपरचं उघडं तोंड दिसलं. एवढ्या गोंगाटात त्याची हाक मला ऐकू आली, स्टँडमध्ये, तेवढ्या लांब. त्यांना आली नाही. ते बॉलकडे बघत मागे सरकले आणि गोलकीपरचा गुडघा त्यांच्या डाव्या कानशिलावर बसला. बॉल दोघांच्या मधून, कसलीच घाई नसल्यासारखा, घरंगळत आत गेला.

सगळं मैदान उठलं. लोक नाचत होते, टोप्या उडवत होते, बँकेची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती. आणि कॅप्टन उठले. कपडे झटकले. मग शांतपणे चालायला लागले, कॉर्नरच्या झेंड्याजवळून, कडेचं छोटं फाटक उघडून, बाहेर. फाटक परत नीट लावून घेतलं. कुणी थांबवलं नाही, कारण त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं. तुम्ही मात्र तो गुडघा घेऊन पायऱ्या उतरत पळालात, मी तुमच्या मागे. रस्त्यावर आलो तर बसस्टॉपवर रांग होती आणि रांगेत ते उभे होते. पांढरी जर्सी, गुडघ्याला माती, डाव्या कानातून मानेपर्यंत आलेली रक्ताची बारीक रेघ. पुढे एक बाई पिशवी घेऊन, मागे एक म्हातारा. कुणी काही बोलत नव्हतं. आत मैदानात हजार माणसं ओरडत होती. तुम्ही त्यांचा दंड धरलात तेव्हा ते तुमच्याकडे बघून म्हणाले, "सगळे घरी गेले का? किती शांत झालंय."

त्यांना डाव्या कानानंही पुन्हा कधी ऐकू आलं नाही. कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये टेबलाचं काम दिलं. पांढऱ्या जर्सीवाले पुढच्या सीझनला चार मॅच हरले, आणि त्यांना कसं हरवायचं याबद्दल बोलायचं कुणाला काही कारण उरलं नाही. चाचा दोन-तीन रविवार आले, इकडचं तिकडचं बोलले, मग यायचे थांबले. बँकेतल्या त्याला बढती मिळाली, तो कामोठ्याला मोठ्या जागेत गेला. जाताना तुमच्या पाया पडायला आला होता. तुम्ही पाय मागे घेतलेत. आणि मग तुम्ही रविवारी दुपारी उजव्या कानात कापूस घालून गॅलरीत बसायला लागलात. मी एकदा विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "बघतोय, किती जातं ते." मी तुमच्या उजव्या बाजूला उभी होते. माझा प्रश्न तुम्हाला कसा ऐकू आला, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता वाटतं, मी येऊन बोलायचीच वाट तुम्ही बघत असाल.

कॅप्टन आपल्या घरी आले त्या दुपारी बेल वाजली आणि दार तुम्ही उघडलंत. मी स्वयंपाकघरात. ते फार मोठ्यानं बोलत होते, स्वतःचा आवाज स्वतःला येत नसलेल्या माणसासारखे. त्यांचं प्रत्येक वाक्य रिकाम्या फ्लॅटांतून फिरून परत येत होतं. तुम्ही ट्रेसिंग पेपरवर लिहून उत्तरं देत होतात. त्यामुळे मला फक्त एक बाजू ऐकू येत होती आणि दुसऱ्या बाजूला पेन्सिलची खरखर.

"माझ्या कानाचं त्या बँकवाल्याला कुणी सांगितलं? तो तुमच्याच बिल्डिंगमधला ना?"

खरखर. अगदी थोडी, दोन शब्दांची.

"तुम्ही?"

मी गॅसचं बटण धरून उभी होते.

"नऊ वर्षं मी घरीदारी कुणाला कळू दिलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

खरखर, बरीच.

"टायर," ते म्हणाले. आणि हसले. ते हसणं वरच्या मजल्यावरून परत आलं. मग म्हणाले, "कळलं होतं तर मला येऊन का नाही सांगितलंत? त्यांना सांगितलंत. मला सांगायचं होतं. मी गोलकीपरशी काहीतरी खूण ठरवली असती."

यावर पेन्सिल उचललीच गेली नाही.

तुम्ही हे कुणालाच सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणी तो टायर तुमच्याबरोबर बघितला नव्हता. म्हणजे मीच सांगितलं हे तुम्हाला माहीत होतं. फायनलच्या दिवशी स्टँडमध्ये बसल्या बसल्याच कळलं असणार. पुढे दोन वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात, माझं लग्न जमवलंत, शेवटच्या आजारपणात माझ्याच हातून औषध घेतलंत, आणि एकदाही विचारलं नाहीत. मी रोज वाट बघायची. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही गेल्यावर कपाट आवरताना तो ट्रेसिंग पेपर मी खूप शोधला. मिळाला नाही.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. कॅप्टन अजून आहेत की नाहीत, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. पण त्या दुपारचं एक राहिलं, तेवढं लिहिते. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभे होतात, पाठमोरे. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे. नुकते ओठ वाचायला शिकत होते, त्यामुळे अगदी लहान मुलासारखे टक लावून, मी काय बोलते त्याची वाट बघत. मला आवाज काढायचीही गरज नव्हती, आबा. तुम्हाला काही कळलं नसतं. नुसते ओठ हलवायचे होते. मी ओठ हलवले. मी विचारलं, साखर अजून घालू का.