होल नाईन यार्ड्स आणि येसूचं लुगडं

दिवेआगर, मंगळवार

ती. तुळशीरामभाऊ,

धर्माजीचा दोन्ही हात जोडून (आणि मान खाली घालून) नमस्कार. तुमचा गुडघा, शुगर आणि इंग्रजी ठणठणीत असेलच. त्यातल्या तिसऱ्याबद्दल माझी तक्रार आहे.

येसू माहेरपणाला थळला तुमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या होमस्टेला साक्षी नावाचं गिऱ्हाईक लागलं. मुलगी पनवेलची, पण मराठीत फक्त शिंकते. फोनवर म्हणाली, "अंकल, आय वॉन्ट द होल नाईन यार्ड्स!" आता भाऊ, दिवाळीत आमच्या ओटीवर मांडी ठोकून तुम्हीच सांगितलंत ना, की यार्ड म्हणजे वार, नाईन यार्ड्स म्हणजे नऊवार, आणि ही म्हण इंग्रजांनी आपल्या बायकांची लुगडी बघूनच उचलली? चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस! (तुमच्या मते पोर्तुगीजांकडून आलेले चावी, पगार आणि बटाटा हे शब्दही मूळचे थळचेच.) मला वाटलं, पोरीला नऊवारी नेसायची हौस आहे. उघडली येसूची ट्रंक. (वादळात छप्पर उडालं, पोफळी आडव्या झाल्या, तरी ही ट्रंक तिनं पोटाशी धरून ठेवली होती.) वरचंच हिरवं लुगडं काढून पलंगावर ठेवलं.

पोरगी "सो क्यूट!" म्हणाली, आणि मग विचारते, होडी कुठाय, जेवणात पापलेट का नाही? तेव्हा उजेड पडला. तिला सगळं साग्रसंगीत हवं होतं! अगं बये, मग 'साग्रसंगीत' म्हणायला जीभ झडते काय? वर मोबाईलमध्ये बघून मलाच शिकवलंन, की या म्हणीचा उगम कुणालाच धड ठाऊक नाही, आणि अमेरिकेत पूर्वी काहीजण सहा यार्डही म्हणत. सहा! येसूच्या सहावारी साड्या दांडीवर ढिगानं असतात हो. एक गेली असती तर तिला पत्तासुद्धा लागला नसता.

लुगडं भेट समजून पोरगी घेऊन गेली. मी लाजेनं मागितलं नाही. काल तिनं फोटो पाठवला. त्याचे उशांचे अभ्रे शिवलेत.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धर्माजी

ता. क. येसू शुक्रवारी निघतेय. तिला आठ दिवस थांबवून घ्या. गुडघा ठणठणीत असला तरी दुखवा.

आणखी एक. म्हणीचा तो उगम तुमचाच, असं तुमच्या हस्ताक्षरात लिहून द्या. माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवायची नाही.

शेवटचं. फोन न करता पत्र का लिहिलं आणि फोटो का जोडला नाही, हे विचाराल. ते लुगडं तुमच्या आईचं होतं, भाऊ. काठ तुम्ही लगेच ओळखला असतात.