बारा शब्द आन् कावळा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आधी दूधवालाच आला असंल म्हणून दार उघडलं, तर इन्कम टॅक्सचे दोघं! एक पिकल्या केसांचे साहेब, एक चष्मेवाली पोरगी. "विश्वजित आहेत का?" म्हणाले. नऊ महिन्यांनी कुणीतरी माझ्या नातवाला "आहेत का" म्हणालं! लई बरं वाटलं. आधी पोहे टाकले, मग सांगितलं — फेब्रुवारीत गेला, मोटरसायकलवरून पडून. पोरगी बशीतच बघत राहिली.

त्यानं मोबाईलवरचा तो न दिसणारा पैसा घेतला व्हता, त्याची चौकशी. मी विचारलं, सरकार त्याला पैसा म्हणतं का? साहेब म्हणाले, "चलन म्हणून मान्यता नाही आजी, बंदीही नाही. नफ्यावर तीस टक्के कर मात्र आहे." मी म्हटलं, "म्हणजे पोरगं तुमचं नाय, पण पगारात वाटा तुमचा!" साहेबांना ठसकाच लागला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल हसण्याच्या नादात खरी गोष्ट लिहायची राहिली. जाताना साहेब म्हणाले, तो सगळा पैसा बारा फेब्रुवारीला, दुपारी बाराच्या सुमारास, दुसरीकडं गेला. "कुठं गेला ते दिसतं आजी. कुणी नेला त्याचं नाव दिसत नाही."

बारा फेब्रुवारी म्हणजे विश्वाचा दहावा!

म्हणजे त्यानंच नेला. दुसरं कोण? फोटोसमोर उभी राहून मी हसले — गेल्यावरबी तुझी खटपट सुटंना का रे! दिवसभर पाठीमागं कुणीतरी हाय असं वाटतंय. भ्या नाय वाटत. दोन कप चहा मांडला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

झोप नाय. एकदा सगळं लिहूनच काढते.

त्या पैशाला कुलूप बारा इंग्रजी शब्दांचं; शब्द ज्याला ठावं, पैसा त्याचा. विश्वानं मला पाठ करून घेतले. "आजी, कागद हरवतो, तुझं डोकं कोण चोरणार?" मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण माळेवर रोज म्हणायचे. त्यात कांदा आन् कापूसबी व्हता, इंग्रजीतला! "मला काय झालं तर हिमानीला दे," म्हणाला. बायकोवर लई जीव त्याचा. पोटुशी व्हती ती.

तो गेल्यावर श्रीधरनं तीनदा मागितले ते शब्द. माझा मुलगा असला तरी मी म्हटलं, नाय, हिमानीचे हायेत.

दहाव्याला कायगाव टोक्याला नदीकाठी पिंड ठेवला तर कावळा शिवंना. श्रीधर म्हणाला, गाडीचं कर्ज फेडीन. नाय. विश्वाची बहीण संस्कृती रडत म्हणाली, दादा, मी शिकंन. नाय. ऊन चढलं. मग मीच हात जोडून म्हटलं, "तुझे शब्द हिमानीलाच देते रे, एकबी विसरले नाय," आन् बाराच्या बारा मोठ्यानं म्हणून दाखवले. झडप घातली कावळ्यानं! गुरुजीसुद्धा बघत राहिले.

तेराव्याला हिमानीला सांगितले. तिनं उघडलं तर आत काय नाय. श्रीधर म्हणाला, बाजार बसला असंल. ती वैजापूरला माहेरी गेली. आता तान्ही पोर मांडीवर घेऊन लोकांचे ब्लाऊज शिवते.

विश्वानं नेला तर तिला का नाय दिला?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज चहा एकच केला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

श्रीधर आंघोळीला गेला तेव्हा संस्कृतीला म्हटलं, बापानं मोबाईलवर दहाव्याचा व्हिडिओ काढलाय ना, मला माझा कावळा दाखव. नदीचा वारा, मग माझा आवाज. बारा शब्द, स्वच्छ. "आला, आला!" लोक ओरडले.

कावळा त्यात नाहीच. सगळा वेळ माझं तोंड. जवळून.

साहेब सोमवारी परत येणार.