पर्यायी व्यवस्था

मुरबाड,
शनिवार, २३ मे

प्रिय ज्ञानूदादा,

आत्याला माझा वाकून नमस्कार सांग. देवकीवहिनीला खूप खूप प्रेम. तुला नुसता नमस्कार, कारण तू माझे फोन उचलत नाहीस. पाड्यावर रेंज नसते हे मला सांगू नकोस. आंब्याच्या झाडाखालच्या दगडावर उभं राहिलं की रेंज येते, आणि तो दगड मला तूच दाखवला होतास.

इकडे सगळे बरे आहेत. तुझे मामा एसटीतून रिटायर झाले तरी कंडक्टरच राहिलेत. दारात कोणी आलं की कुठून आलात आणि कुठे उतरणार हे विचारल्याशिवाय पाणी देत नाहीत. आईच्या कुरडया वाळल्या, एक डबा तुमच्यासाठी काढून ठेवलाय. मी आठवड्याची रजा घेऊन आलेय.

पुण्यात सध्या मी कुकरची मूठ करते. हसू नकोस. डाव्या हाताच्या बाईला ती नीट धरता यावी म्हणून माझ्या टेबलावर लाकडाच्या, फोमच्या, प्लास्टिकच्या मुठींचा ढीग पडलाय. आमच्या वर्गातली पूजा चेन्नईला गाडीच्या दाराचं हँडल करते. ओमकारला प्रॉडक्ट डिझाइनचं काम कुठे मिळालंच नाही, म्हणून तो मोबाईल अ‍ॅपचे स्क्रीन आखतो आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कमावतो. कॉलेजात आम्हाला वाटायचं, आपण जग बदलणार. सध्या तरी आम्ही जगाला मुठी बसवतोय. बाबा लोकांना सांगतात, पोरगी कुकरच्या कंपनीत आहे. ऐकणारा विचारतो, मग स्वस्तात मिळेल का.

आता मुद्द्याचं. इतका वेळ तो टाळतच होते हे तुला कळलं असेलच.

तू म्हणालास, तोंडी नको, लिहून दे. म्हणून लिहायला बसले. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही, तेव्हा तुला ठाऊक असलेलंच थोडं ऐकून घे.

आत्याचा खुबा मोडला त्या पावसाळ्यात तुम्ही तिला गोधडीच्या झोळीत घातलंत, झोळी बांबूला टांगली आणि उतार उतरून, ओढा ओलांडून खर्डीच्या रस्त्यावर आणलंत. सगळी वाट ती त्या झोळीत दुमडून होती. डॉक्टर म्हणाले, पडून जेवढं मोडलं त्याहून जास्त आणताना मोडलं. ती अजून लंगडते. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सर म्हणत होते, दिव्याचा स्टँड कर, नाहीतर पाण्याची बाटली कर. मी म्हटलं, मला झोळी करायचीय. बांबू आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांची डोली झाली. चौघांच्या खांद्यांना गादी, आणि वाट कितीही उतरती असो, आतलं माणूस आडवंच राहतं. पहिल्यांदा ती उचलली तू, धाकलू आणि आणखी दोघांनी, आणि बसायला आत्या स्वतः पुढे झाली. "लग्नात पन मना चालवतच आनली होती, आता तरी मिरवा," म्हणाली. ओढ्यापर्यंत नेऊन आणली तरी उतरायला तयार नव्हती.

त्यानंतर पाड्यावरचं कोणी झोळीत दुमडलं नाही. मला बक्षीस मिळालं. डोलीत बसलेल्या आत्याचा फोटो माझ्या कामांच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर आहे. ही कुकरची नोकरी मला त्या पानावरच मिळाली. मुलाखतीत दुसरं पान कोणी उलटलंच नाही.

आणि मग फेब्रुवारीत तुमच्या रस्त्याच्या अर्जाला उत्तर आलं. ते तू मला फोनवर वाचून दाखवलंस, आणि मला ते पाठ झालंय. "सदर पाड्यावर रुग्ण वाहतुकीची पर्यायी व्यवस्था उपलब्ध असल्याने रस्त्याचे काम तूर्त प्राधान्याने घेता येत नाही." पर्यायी व्यवस्था म्हणजे मी. चार वर्षांचं शिक्षण, बाबांचा सगळा फंड आणि माझी डोली मिळून ती एक ओळ झाली.

तू तेव्हा ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालास, "मनू, तुजी डोली चांगली हाय म्हनून आमचा रस्ता आडलाय. ती खराब हाय असं लिहून दे." मी म्हटलं, बघते. मग तुम्ही पाड्यावर बैठक घेतलीत, रस्ता होईपर्यंत डोलीत कोणी बसायचं नाही असं ठरवलंत, आणि ती उत्तर पाठवणाऱ्या शहापूरच्या ऑफिसात नेऊन जमा केलीत. मी वहिनीला बाळंतपणासाठी मुरबाडला आणायला सांगितलं, इथे दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. तर तू म्हणालास, पाड्यावर आणखी दोघींचे दिवस भरत आलेत, त्यांना मुरबाडात मामा नाय. बैठक मीच बोलावली आणि माझीच बायको पहिली खाली नेऊ का?

परवा गुरुवारी मी शहापूरला गेले होते. ऑफिसच्या व्हरांड्यात डोली भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यावर कोणीतरी रेक्झिनची पिशवी अडकवलेली. आतले साहेब वाईट असते तर मी तिथे भांडून आले असते. पण त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, मुलगी आपल्या भागातली म्हणून कौतुक केलं. मी विचारलं, ती ओळ काढता येणार नाही का? ते म्हणाले, "मॅडम, रस्ता माझ्या हातात असता तर मी कधीच केला असता. वाट जंगलातून जाते, परवानगी वरून लागते. पण सोय असताना सोय नाही असं मी कसं लिहू? ज्यांनी बनवली त्यांनीच लिहून दिलं की डोली वापरण्यालायक नाही, तर ओळ काढतो." मी विचारलं, मग रस्ता होईल? त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग फाईल पुढे जाईल." एवढंच. मी म्हटलं, निदान डोली तरी परत नेऊ का? न्या ना, म्हणाले. तुमचीच आहे. पण तुम्ही नेलीत तरी कागदावर ती पाड्यावरच असणार.

दादा, तुला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. एका मोठ्या कंपनीच्या संस्थेनं माझ्या डोलीचं डिझाइन घेतलंय. शहापूर आणि मुरबाड मिळून साठ पाड्यांना साठ डोल्या द्यायच्यात, आणि ते काम माझ्याकडे आहे. एक जुलैपासून कुकर सुटेल, मी डोल्यांवर. एप्रिलमध्ये मी हो म्हटलं. हो म्हणताना तुझा रस्ता डोक्यात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तरी मी हो म्हटलं, कारण मुठी करून करून मी कंटाळले होते आणि आयुष्यात एकदा तरी आपण केलेली वस्तू ज्याला लागते त्याच्यापर्यंत जावी असं मला वाटत होतं. आता मला दिसतं की साठ डोल्या म्हणजे तसल्याच साठ ओळी. माझ्या हातानं साठ रस्ते अडणार.

तू म्हणशील, मग सोपं आहे, लिहून दे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण आमच्या मुरबाडच्या बाजूला एका पाड्यावर बारकी नावाच्या आशा सेविका आहेत. यादीत त्यांच्या पाड्याचं नाव आहे हे त्यांना कळलंय. त्या दर दोन-चार दिवसांनी फोन करतात. मागच्या वेळी म्हणाल्या, "ताई, पावसाच्या आधी येल ना आमची डोली? गेल्या साली एक पोरगी झोलीतच गेली माज्या हातात." त्यांना मी काय सांगू? की माझ्या आतेभावाचा रस्ता व्हावा म्हणून मी माझीच डोली खराब ठरवली? डोली खराब नाही, दादा. तूच ती खांद्यावर वाहिलीस. एकदा मी खराब असं लिहिलं की ती एका पाड्यापुरती खराब राहणार नाही, सगळीकडेच होईल. आणि नाही लिहिलं तर तुमच्याकडचा रस्ता आणखी किती वर्षं नुसत्या फाईलमध्ये राहील, देव जाणे. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते लहानपणी नुसतंच पाठ केलं होतं.

लिहायला बसले होते, खोटं नाही सांगत. "मी खाली सही करणारी" इथपर्यंत येते आणि थांबते. मग उलट बाजूनं लिहून पाहिलं, की डोली उत्तम आहे पण डोली म्हणजे रस्ता नव्हे. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, छान लिहिलंयस, पण साहेब यातलं पहिलं अर्धंच वाचेल.

आता जे सांगते ते सांगू नये अशी मला शपथ आहे. मी ती मोडतेय.

गुरुवारी ऑफिसातून निघून मी खर्डीला आले होते. रिक्षानं रस्ता संपतो तिथपर्यंत आले आणि तिथून चालत ओढ्याशी. तुझ्यासमोर बसून बोलायचं ठरवलं होतं, तू दारातून हाकललंस तरी. उन्हं कलली होती. पलीकडच्या उतारावर कोणी बाई एकटीच खाली येताना दिसली. चार पावलं टाकायची, बांधाला धरून उभी राहायची, परत चार पावलं. जवळ आल्यावर दिसलं, वहिनी होती.

मला वाटलं काही झालं, म्हणून धावत गेले. तिला काही झालं नव्हतं. दगडावर बसून ती दम खात होती, आणि मला बघून आधी हसली. मी विचारलं, कुठे निघालीस अशी? म्हणाली, "कुठं नाय. रोज येते खाली, तुजा दादा कामावर गेला का. वेल आल्यावर मना उतरता येल का, ते बघते. परवा त्या आंब्यापरेंत आले. आज ओढ्यापरेंत." मी तिला म्हटलं, वेडी आहेस का तू, आठवा महिना आहे. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "रस्ता होयाचा तवा होयल. याला कोन थांब म्हननार?" आणि मग, "तुज्या दादाला सांगशील तर माजी शपथ हाय. चार लोकांत त्यानी शब्द दिलाय. तो वाकला तर परत कोनी रस्त्याचं नाव काढनार नाय."

मला म्हणाली, वर येऊ नकोस, तो चिडेल आणि मग रात्रभर झोपत नाही. तिला वर पोचवायला येते म्हटलं तर तेही नको म्हणाली, चढायचीही सवय करायचीय. ती निघाली आणि मी तिथेच उभी होते. चढताना ती जास्त वेळा थांबत होती. मी प्रॉडक्ट डिझायनर आहे दादा, बाईला उतारावर कुठे आधार लागतो, कंबर कुठे भरून येते, हे मी मोजून शिकलेय. त्या वेळी मला त्यातलं काही कामाला आलं नाही. मी रडत रिक्षात बसले, आणि रिक्षावाल्यानं भाडं कमी घेतलं.

काल मी आणि बाबा परत शहापूरला जाऊन डोली घेऊन आलो. जीपच्या टपावर बांधून आणली. शेजारचे विचारून गेले, कोणाचं लग्न काढलंत.

उद्या बाबा तुझ्याकडे येतील. डोली ओढ्याच्या अलीकडे धाकलूच्या सासऱ्यांकडे ठेवतील. पाड्यावर आणणार नाहीत, तुमच्या बैठकीचा मान राहील. ती तिथे आहे हे तुला, वहिनीला आणि बाकीच्या दोघींना माहीत असलं की पुरे. वापरायची का नाही हे मी सांगणार नाही. वहिनीला मात्र रागावू नकोस. मी सांगितलं म्हणून ती माझ्याशी बोलणार नाही, तेवढं मी सोसेन.

आणि तू मागितलेला कागद. तोही बाबांकडेच देतेय. त्यावर मी काही लिहिलेलं नाही. खाली सही केलीय, पूर्ण नाव, पदवी आणि तारखेसकट. सहीच्या वर कागद कोरा आहे. डोली वापरण्यालायक नाही असं लिहायचं तर लिही, साहेब ती ओळ काढतील, माझं साठ डोल्यांचं काम जाईल आणि बारकीताईंना मी काहीतरी सांगेन. नाही लिहिलंस तर तसाच ठेव. कोऱ्या कागदावर सही करू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबा सकाळपासून माझ्याशी धड बोललेले नाहीत. हे सगळं तुझ्या डोक्यावर टाकतेय हेही मला कळतं. मला ठरवता आलं नाही. मी खूप प्रयत्न केला दादा, खरंच नाही आलं.

काय लिहिलंस ते मला कळवलं नाहीस तरी चालेल. सही माझी आहे, वर जे असेल ते मी म्हटलंय असंच मी सगळ्यांना सांगेन.

वहिनी सुखरूप मोकळी झाली की तेवढं मात्र त्या दगडावर उभा राहून सांग. मी फोन जवळ घेऊनच झोपते.

तुझी, आणि वहिनीच्या पोटातल्या बाळाची आत्या,
मनाली