शिल्लक युनिटं कुणाची

सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर
२६ मार्च

श्री. नानासाहेब यांस,

लक्ष्मणाचा मनापासून नमस्कार. वहिनींचे गुडघे कसे आहेत? कांद्याला भाव मिळाला का? (मिळाला नसेल तर हा प्रश्न वाचलाच नाही असं समजा.) तुमची बहीण रविवारी एकच पिशवी घेऊन वैजापूरला आली, ती सुखरूप असेल. आमचं कशावरून बिनसलं ते तिनं तिच्या बाजूनं सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐका, कारण काल मला जो धक्का बसला त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

गेल्या एप्रिलात आम्ही छतावर सोलर बसवलं. दिवसा तयार झालेली जादा वीज कंपनी घेते आणि तेवढी युनिटं आपल्या खात्यात जमा दाखवते. जमा हा शब्द दिसला की मला राहवत नाही, हे तुम्ही जाणता. ठरवलं, वर्षभर साठवायची आणि यंदाच्या मे महिन्यात एसी लावून ऐटीत झोपायचं. त्यासाठी गेला उन्हाळा कूलरशिवाय काढला. मिक्सर बंद करून पाटा-वरवंटा काढला (पाटा मी स्वतः जिन्याखालून ओढून दिला, वाटण मात्र तिनं वाटलं). फेब्रुवारीअखेर नऊशे बारा युनिटं शिल्लक होती. औरंगपुऱ्यात चहा पिताना मी अनोळखी माणसांनाही हा आकडा ऐकवला आहे. शनिवारी पारा चाळिशीला टेकला आणि रत्नमालानं कूलर मागितला. आणखी थोडं सोस, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये.

काल मी वीज कचेरीत एसीसाठी लोड वाढवायचा अर्ज टाकायला गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज संगणकात नोंदवला, बिल पाहिलं आणि सहज म्हणाला, "काका, ही युनिटं वापरून टाका. एकतीस मार्चला खातं कोरं व्हतंय." म्हणजे वर्षअखेर उरलेली युनिटं कंपनी किरकोळ दरानं घेऊन टाकते आणि एक एप्रिलपासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नियमच तसा आहे. पाच दिवसांत घरातलं सगळं एकदम चालू ठेवलं तरी नऊशे बारा कशी संपायची? मी म्हणालो, मुदत वाढवून द्या, त्याचाही अर्ज करतो. त्यावर तो म्हणाला, "मुदत वाढत नाय. अन् तुम्ही कोण अर्ज करणार? ग्राहक रत्नमालाबाई हायेत. सोलर त्यांचं, युनिटं त्यांची."

बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून चार वर्षांपूर्वी हे रो-हाऊस मी मोठ्या हुशारीनं तिच्या नावावर घेतलं होतं. घरामागून मीटर गेलं, मीटरमागून सोलर. बिलावर तिचं नाव दर महिन्याला छापून येत होतं, मी फक्त शिल्लक वाचत होतो. वर्षभर मी त्या बाईला तिच्याच विजेवर कूलर लावू दिला नाही. लाज वाटली, नानासाहेब. तिच्याशिवाय घर खायला उठतंय. समजूत काढून तिला पाठवा.

आपला,
लक्ष्मण

ता. क. : सोबत कोरा कागद जोडला आहे. त्यावर खाली तिची सही तेवढी घ्या, मुदतवाढीचा मजकूर मी वर भरीन आणि मोठ्या साहेबांना गाठीन. ती कामाच्या घाईत असताना कागद पुढं करा, म्हणजे सोलर कुणाच्या नावावर ही चौकशी निघणार नाही.

ता. क. २ : हे पत्र घेऊन जाणारा कडूबा दारात उभा आहे, आणि एवढ्यात तिचाच फोन आला. म्हणाली, "लोडच्या अर्जाचा मेसेज आलाय मला. दर महिन्याचा बी माझ्याच मोबाईलवर येतो. एकतीस मार्चचं मला दिवाळीतच कळलं व्हतं." मग मला सांगितलं का नाही, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. "कूलर लावा, कूलर लावा म्हणून दुसरं काय सांगत व्हते?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला. कागद फाडून टाका. ती कधी येणार, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं. तेवढं विचारून कडूबाजवळ निरोप द्या.